वाटणीआधीची मोजदाद: सोलापुरातल्या एका घरातली जुनी चिनी माती

पार्श्वभूमी

सोलापूरच्या जुन्या पेठेतलं हे माळवदाचं घर. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात सुताच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या एका गृहस्थांनी ते 1930 च्या दशकात बांधलं. आई गेल्यावर घर बिल्डरला द्यायचं ठरलं आणि ते रिकामं करायला सात आठवडे मिळाले. वारस तिघं: थोरला भाऊ सोलापुरातच, बहीण लातूरला, धाकटा पुण्यात. जागेचे पैसे, दागिने, ठेवी यांची वाटणी सुरळीत झाली. अडलं ते दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी. घराची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.

कपाटात अठरा इंच उंचीची सोनेरी फुलदाणी, बसलेल्या कुत्र्यांची पांढरी जोडी, जपानी चहाचा संच, निळ्या-पांढऱ्या नऊ ताटल्या आणि एक इंग्लिश जग (कान असलेलं ओतायचं भांडं) होता. स्वयंपाकघरात बारा बरण्या. देवघरात नऊ इंचांची लक्ष्मीची मूर्ती, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीची आणि रंगवलेली. याशिवाय भिंतींत बसवलेल्या 64 रंगीत फरश्या होत्या: 24 देवघराच्या चौकटीभोवती आणि 40 ओट्याच्या दर्शनी बाजूला. फरश्या ‘वस्तू’ आहेत हे सुरुवातीला कुणाच्या मनातच आलं नव्हतं. त्या घराचाच भाग मानल्या गेल्या होत्या.

अडचण

जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने कपाट, बरण्या आणि लक्ष्मी असं सगळं मिळून रोख 40,000 रुपये देऊ केले. थोरल्याला ते बरं वाटलं, कारण घर रिकामं करण्याचा सगळा भार त्याच्यावर होता. बहिणीला आईच्या पूजेतली लक्ष्मी हवी होती, बाकी काही नको. धाकट्याचं म्हणणं वेगळंच. तशीच दिसणारी फुलदाणी त्याने परदेशी संकेतस्थळावर दोन लाखांना लावलेली पाहिली होती. त्यामुळे 40,000 ही त्याला उघड लूट वाटत होती.

तिघांचे आकडे जुळत नव्हते, कारण तिघं तीन वेगळ्या किमती बोलत होते: व्यापारी विकत घेतो तो भाव, कुणीतरी मागितलेला भाव, आणि ज्याचं मोल पैशात होत नाही अशी एक वस्तू. ‘याची किंमत किती?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हे कळल्याशिवाय उत्तर नसतं. विम्यासाठी धरायची ती तशीच वस्तू दुकानातून पुन्हा आणण्याची किंमत, आणि ती सर्वांत जास्त. व्यापाऱ्याचा खरेदीभाव सर्वांत कमी. वाटणीसाठी या दोहोंमधली, दोन जाणकार घरांनी आपापसात मान्य करावी अशी किंमत लागते.

तेवढ्यात एक नुकसान होऊन गेलं. ‘विकायच्याच आहेत तर स्वच्छ दिसू देत’ म्हणून एक ताटली रात्रभर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवली गेली. सकाळी ती लख्ख पांढरी होती. दोन आठवड्यांनी झिलईवरच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावरच्या, बारीक तड्यांच्या जाळीतून पांढरी पूड फुटू लागली आणि काठाची झिलई पापुद्र्यासारखी सुटली. ब्लीचमधले क्षार जाळीतून आतल्या सच्छिद्र मातीत शिरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते झिलईला आतून ढकलतात. हे नुकसान भरून येत नाही. ताटल्या आठ उरल्या.

पर्याय

चार वाटा समोर होत्या.

व्यापाऱ्याला सगळं देऊन पैसे तीन ठिकाणी वाटणं ही सर्वांत सोपी. चिठ्ठ्या टाकून वस्तू वाटणं ही घरातल्या वडीलधाऱ्यांची सूचना होती. त्यात भांडण टळतं, पण बहिणीला लक्ष्मी मिळेलच याची खात्री नाही. मुंबईच्या लिलावगृहाकडे पाठवणं ही धाकट्याची आवड. पण लिलावगृहं ठरावीक किमतीखालचा माल सहसा घेत नाहीत. शिवाय कमिशन, वाहतूक, फूटतूट आणि काही महिन्यांची वाट हे सगळं घरच्यांच्या माथी येतं. चौथी वाट म्हणजे आधी प्रत्येक वस्तूची ओळख पटवून यादी करायची, मग मधली किंमत धरायची आणि पैशांची तोंडमिळवणी करून वाटणी करायची. चौथी वाट निवडली गेली ती एका कारणासाठी: नंतर मन बदललं तरी तिच्यातून पहिल्या तिन्ही वाटा खुल्या राहतात. उलटं होत नाही.

ओळख पटवताना काय पाहिलं

हत्यारं साधी होती: दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्रखर टॉर्च, 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. टेबलावर जाड टॉवेल अंथरला. सोलापुरात त्यांची वानवा नाही. वस्तू कानाला किंवा काठाला धरून उचलायची नाही, एक हात बुडाखाली हवाच. प्रत्येक वस्तूचे फोटो घेतले: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, बुडाचा आणि प्रत्येक दोषाचा वेगळा. काहीही धुतलं नाही. बुडावरची जुनी धूळ, घासल्याच्या खुणा, जुनं लेबल हे सगळे पुरावे असतात, आणि धुण्याने सगळ्यात आधी तेच जातात.

फुलदाणीपासून सुरुवात केली, कारण वाद तिचा होता. बुडावर इंग्रजी अक्षरांत ‘रॉयल सात्सुमा’ असा शिक्का. इथेच निम्मा निकाल लागतो. जपानच्या सात्सुमा परंपरेतल्या जुन्या निर्यातीच्या कामावर जपानी लिपीतली सही किंवा कारखान्याची खूण असते, बहुतेकदा सात्सुमा प्रांतावर राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याचं वर्तुळातलं फुलीचं चिन्हही असतं. ते चिन्हही पुढे कुणीही वापरलं, त्यामुळे तेवढ्याने वस्तू जुनी ठरत नाही. पण इंग्रजीतलं ‘रॉयल सात्सुमा’ ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या चिनी बनावटीची खूण आहे. भिंगाखाली चेहऱ्यांमध्ये छपाईचे ठिपके दिसले. जुन्या कामात ब्रशचा दाब कमीजास्त झालेला दिसतो आणि रंगाचे उठाव बोटाला लागतात. सोनेरी रंग सगळीकडे एकसारखा चकचकीत होता आणि जिथे हात लागायचा तिथेही झिजलेला नव्हता. बुडाची बिनझिलईची कड पांढरी कोरी. घरात ‘आजोबांची फुलदाणी’ म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू आजोबांच्या नंतरची निघाली. धाकट्याने पाहिलेले दोन लाख हा मागितलेला भाव होता. विकल्या गेलेल्या तशाच फुलदाण्यांचे भाव पाहिले तेव्हा ते काही हजारांत निघाले.

कुत्र्यांची जोडी इंग्लंडच्या स्टॅफर्डशरची. अशा कुत्र्यांच्या नकला भरपूर आहेत, म्हणून बूड नीट पाहावं लागतं. जुने कुत्रे साच्यात माती दाबून बनवलेले असतात आणि भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून बुडाला लहानसं भोक ठेवलेलं असतं. नंतरच्या नकला साच्यात पातळ माती ओतून केलेल्या असतात. त्यांची जाडी एकसारखी, वजन हलकं आणि भोक मोठं असतं. इथे भोक लहान, वजन चांगलं, पाठीमागे रंगकाम अगदी जुजबी. साखळीवरचं सोनं मात्र आरशासारखं चमकणारं. आधीच्या काळातलं सोनं मऊ, मधासारख्या झाकेचं असे. हे चकचकीत सोनं 1880 च्या आसपास रूढ झालं. म्हणून जोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा विसाव्याच्या सुरुवातीची धरली. एकाची मान कधीतरी तुटून झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेली होती आणि जोडाची रेघ पिवळी पडली होती. असिटोनने तो गोंद मऊ करून पुन्हा नीट जोडता येतो, पण त्यात शेजारचा भट्टीत न भाजलेला रंगही निघू शकतो. जोड घट्ट होता, म्हणून हात लावला नाही. फक्त यादीत ठळक नोंदवला.

इंग्लिश जग ओळखण्याचं काम पाच मिनिटांत झालं. बुडावर रॉयल डोल्टनचा सिंह आणि शेजारी बारीक आकडा 9. 1928 पासून काही वर्षं या कंपनीने शिक्क्याशेजारी आकडा घातला. त्यात 27 मिळवले की साल मिळतं, म्हणजे हा जग 1936 चा. ताटल्यांवर इंग्लिश नोंदणी क्रमांक होता. असे क्रमांक 1884 पासून सुरू झाले आणि 1900 च्या सुरुवातीला ते साडेतीन लाखांपुढे गेले होते. पण क्रमांक नक्षीची नोंदणी कधी झाली ते सांगतो, ताटली कधी बनली ते नाही. त्या सालाच्या आधीची नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

चहाच्या संचावर वेलीच्या वर्तुळात ‘एम’ अक्षर होतं. ही नोरिताके या जपानी कंपनीची खूण. ती काढणाऱ्या मोरिमुरा घराण्याचा हा ‘एम’ 1953 मध्ये ‘एन’ झाला, त्यामुळे संच त्याआधीचा. सहापैकी पाच कप, आणि किटलीचं झाकण दुसऱ्याच कुठल्या संचातलं. संचाची किंमत संच म्हणून असते. एक कप गेला की ती सहाव्या हिश्शाने नाही, त्याहून कितीतरी जास्त उतरते.

बरण्यांची ओळख सोपी. काहींवर ग्वाल्हेर पॉटरीजचा शिक्का, काहींवर परशुराम पॉटरीचा, बाकीच्या बिनशिक्क्याच्या. जाड, उच्च तापमानाला भाजलेल्या या मातीत मीठ-तेल मुरत नाही. म्हणूनच लोणच्याला ती पिढ्यान्‌पिढ्या चालली. शिक्का, झाकण आणि काठाला टवका नसणं, या तीन गोष्टींवर त्यांचा भाव ठरतो.

लक्ष्मीची मूर्ती

हिच्यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. बैठकीच्या मागच्या बाजूला मातीत खोल उमटलेला एक क्रमांक आणि ‘जर्मनी’ हा शब्द होता. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती. ही रचना रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मीवरून घेतलेली. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत 1894 मध्ये सुरू झाला. त्याची चित्रं घराघरांत पोचल्यावर जर्मन कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी तशा मूर्ती घडवल्या. म्हणजे मूर्ती 1894 च्या आधीची असण्याचा प्रश्नच नाही. 1914 ते 1918 या महायुद्धाच्या काळात जर्मन माल इथे येत नव्हता, 1939 नंतर पुन्हा थांबला. तेव्हा दोनच काळ उरतात: 1914 पूर्वीचा किंवा दोन युद्धांमधला.

टॉर्च मागून धरला तर कमळाच्या पाकळ्यांतून उजेड दुधाळ पाझरत होता, म्हणजे माती अस्सल पोर्सिलेनची. साडीच्या काठाचे रंग भट्टीत पक्के झालेले, नखाला न लागणारे. मग खोली अंधारी करून अतिनील टॉर्च फिरवला. अंग गडद जांभळट दिसलं, पण वरचा उजवा हात मनगटापासून पुढे फिकट पिवळसर उजळला. तो हात तुटून कुणीतरी फार कसबाने पुन्हा घडवलेला होता. दिवसाच्या उजेडात हे कुणालाही कळलं नसतं. दुरुस्तीचा भराव आणि त्यावरचं रंगलेपन यांचं रसायन मूळ मातीपेक्षा आणि झिलईपेक्षा वेगळं, म्हणून अतिनील प्रकाशात ते वेगळं उजळतं. हीच खात्री करण्यासाठी सुईने टोचणं किंवा असिटोनचा बोळा फिरवणं ही जुन्या बाजारातली सवय आहे. दोन्हींनी कायमची खूण राहते. टॉर्च हाताशी असताना त्याची गरज नाही.

हात अखंड असता तर मूर्तीचा भाव 40,000 पुढे धरला असता. दुरुस्तीमुळे 28,000 धरला. बहिणीला हे आधी सांगावं की नाही यावर थोडी चर्चा झाली. यादी करणाऱ्या आमच्या मते असा दोष यादीत लिहिणं ऐच्छिक नाहीच. घरातल्या घरातली वाटणी असली तरी तीच यादी पुढच्या पिढीच्या हातात जाते.

फरश्यांचा निर्णय

सहा इंची चौरस, उठावाच्या रेघांनी कप्पे पाडलेल्या आणि कप्प्यांत गडद हिरवी, मरून, पिवळी झिलई भरलेल्या या फरश्या. उठावाच्या रेघेमुळे भट्टीत वितळलेले रंग एकमेकांत मिसळत नाहीत. दिसायला इंग्लिश मजोलिकासारख्या, म्हणजे जाड रंगीत झिलईच्या फरश्यांसारख्या. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला तशी जपानी कारखान्यांनी ही बाजारपेठ घेतली आणि 1920-30 च्या दशकांत हिंदुस्थानासाठी देवदेवतांच्या चित्रांच्या फरश्याही काढल्या. देवघराच्या चौकटीत अशा चार होत्या. मागचा शिक्का पाहिल्याशिवाय जपानी की युरोपीय हे ठामपणे सांगता येत नाही, आणि मागची बाजू भिंतीत.

निर्णय गवंड्याच्या हातोडीवर सोडला नाही. आधी सांध्यातला मसाला खिळ्याने खरवडून पाहिला. देवघराजवळ तो पांढरा, भुसभुशीत होता, म्हणजे चुना. ओट्यावर राखाडी आणि कडक, म्हणजे नंतरच्या डागडुजीतलं सिमेंट. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. चुना फरशीपेक्षा मऊ असतो, तो कापला जातो. सिमेंट फरशीपेक्षा कडक, त्यामुळे ओढाताणीत फरशीच फुटते.

देवघराच्या 24 फरश्या काढण्याची पद्धत अशी होती. भिंतीचा नकाशा काढून प्रत्येक फरशीला क्रमांक दिला आणि तोच क्रमांक फरशीवर चिकटपट्टीने लावला. दर्शनी बाजूवर कागदी चिकटपट्टीची फुली मारली, म्हणजे तडा गेला तरी तुकडे हलत नाहीत. सुरुवात फरशीपासून नाही, कडेच्या गिलाव्यापासून केली. तो फोडून कडेच्या फरशीची जाडी उघडी केली. मग जुन्या करवतीचं पातं फरशीमागच्या चुन्यात घालून वरून खाली कापत नेलं. पाण्याचा फवारा सतत चालू होता. या झिलईत शिसं असतं, तिची पूड हवेत उडू द्यायची नाही. काम करणाऱ्यांच्या तोंडाला चांगला मास्क, मुलं घराबाहेर, आणि संध्याकाळी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं. छिन्नी वापरली ती फक्त उलथण्यासारखी, ठोकण्यासाठी नाही. 22 अखंड निघाल्या, दोन कोपऱ्यात फुटल्या. पाठीवर ‘मेड इन जपान’ होतं.

पाठीचा चुना काढायला गवंड्याने तेजाब सुचवलं, कारण नव्या फरशीवरचं सिमेंट तो त्यानेच काढतो. इथे ते चालत नाही. आम्लाने शिशाची झिलई मंद होते, रंग उडतो. फरश्या साध्या पाण्यात दोन दिवस ठेवल्या, दर काही तासांनी पाणी बदललं, मऊ झालेला चुना लाकडी पट्टीने काढला. सोलापूरचं बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरा थर सोडतं, म्हणून शेवटचं खळबळणं शुद्ध केलेल्या पाण्याने केलं. वाळवल्या सावलीत. एप्रिलमधल्या चाळिशीपारच्या उन्हात ओली फरशी ठेवली की पृष्ठभाग आतल्यापेक्षा आधी तापतो आणि जुनी जाळी उमलते.

ओट्यावर तीन फरश्यांवर प्रयोग केला. दोन फुटल्या, एक काठाला टवके उडून निघाली. तिथे थांबायचं ठरलं. उरलेल्या 37 भिंतीतच राहिल्या.

किंमत आणि वाटणी

भाव तीन ठिकाणांहून घेतले: पुण्याचा जुना बाजार, मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि हैदराबाद. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न वेगवेगळ्या दिवशी विचारले: अशी वस्तू घेतली तर केवढ्याला मिळेल, आणि दिली तर केवढ्याला घ्याल. फरश्या सोडून बाकी सगळ्याचा दुकानातला विक्रीभाव सुमारे 88,000 निघाला. व्यापाऱ्याने देऊ केले होते 40,000. दोहोंचा मध्य 64,000.

इथे एक गोष्ट स्पष्ट झाली: व्यापारी लबाड नव्हता. माल साठवणं, वर्षभर गिऱ्हाइकाची वाट पाहणं, फूट सोसणं, या सगळ्याचा खर्च त्याच्या अंगावर असतो. दुकानातल्या भावाच्या निम्म्याच्या आसपास देणं हा या धंद्यातला रास्त सौदा आहे. पण यादीच नसताना तो रास्त आहे की नाही हे घरच्यांना कळायला मार्ग नव्हता. आणि त्यांना विकायचं नव्हतंच, वाटायचं होतं. म्हणून मधला भाव.

तो असा धरला: लक्ष्मी 28,000, बारा बरण्या सरासरी 900 प्रमाणे 10,800, कुत्र्यांची जोडी 9,000, चहाचा संच 6,000, जग 4,500, आठ ताटल्या 3,200, फुलदाणी 2,500. वाचलेल्या फरश्यांपैकी देवांच्या चार प्रत्येकी 3,500 प्रमाणे 14,000 आणि फुलांच्या अठरा प्रत्येकी 450 प्रमाणे 8,100. एकूण 86,100. प्रत्येकाचा हिस्सा 28,700.

बहिणीने लक्ष्मी घेतली. थोरल्याने देवांच्या फरश्या, जग, ताटल्या आणि आठ बरण्या घेतल्या, त्या 28,900 च्या झाल्या. धाकट्याकडे कुत्रे, संच, फुलांच्या फरश्या, फुलदाणी आणि चार बरण्या आल्या, 29,200 च्या. थोरल्याने 200 आणि धाकट्याने 500 बहिणीला दिले. फोटोंसह यादीवर तिघांनी सह्या केल्या आणि ती वाटणीपत्राला जोडली.

एक प्रश्न वाटणीनंतर उभा राहिला. धाकट्याचा मुलगा परदेशी असतो, त्याला कुत्र्यांची जोडी न्यायची होती. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती मुळात इंग्लंडमध्ये बनली होती म्हणून सूट मिळत नाही. शंभरीच्या आतली वस्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घेऊन नेता येते. कुत्र्यांचं वय आपणच यादीत शतकाच्या पलीकडे लिहिलेलं, तेव्हा ते पुण्यातच राहिले. लक्ष्मीबद्दलही बहिणीला हेच सांगितलं आहे. तिचा काळ दोनांपैकी कुठला हे नक्की नाही, म्हणून देशाबाहेर नेण्याच्या बाबतीत तिला पुरावस्तूच समजावं.

नेआणीत काहीही फुटलं नाही. प्रत्येक वस्तू आधी बटरपेपरमध्ये गुंडाळली, कारण वर्तमानपत्राची शाई बिनझिलईच्या बुडाला लागते. मग टॉवेल, मग खोका, आणि तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात चारही बाजूंनी दोन इंच भरण ठेवून. झाकणं किटलीवर न ठेवता वेगळी बांधली. फरश्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या. आडव्या रचल्या की सगळ्यांचा भार खालच्यांवर येतो.

वेगळं काय करता आलं असतं

ताटलीचं नुकसान पहिल्या दिवशी एका वाक्याने टळलं असतं: यादी होईपर्यंत काहीही धुवायचं नाही. घर आवरायला आलेल्या प्रत्येकाला, कामवाल्या मावशींसकट, हे आधी सांगायला हवं होतं. डाग काढायचेच असतील तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि प्लास्टिकच्या टबात टॉवेल. सोनेरी कामावर चोळणं नाही. जाळीच्या आत शिरलेला डाग घरी काढू नये, ते दुरुस्ती करणाऱ्या जाणकाराचं काम.

वापराबद्दलही यादीत लिहायला हवं होतं, ते राहिलं. धाकट्याच्या घरी जपानी संचात पाहुण्यांना चहा द्यायचा बेत होता. जुन्या रंगीत आणि सोनेरी कामात शिसं असू शकतं, आणि लिंबू, चिंच, गरम आंबट पदार्थ ते ओढून घेतात. शोभेचे कप शोभेलाच ठेवावेत. बरण्यांचा प्रश्न तितकासा नाही, पण काठाची झिलई उडालेल्या बरणीत लोणचं भरू नये.

सर्वांत मोठी हळहळ ओट्यावरच्या 37 फरश्यांची. त्या वाचवता आल्या असत्या. सिमेंटातली फरशी पुढून काढायची नसतेच. भिंत पाडायचीच होती, तेव्हा ती मागून एकेक वीट काढत उतरवायची, फरशी आणि तिच्यामागचा सिमेंटचा थर एकसंध लादीसारखा मोकळा करायचा आणि मग तो थर पाणी मारत ग्राइंडरने मागून पातळ करायचा. वेळखाऊ काम आहे, त्याला दहा-बारा दिवस आणि संयमी गवंडी लागतो. दहा-बारा दिवस मात्र उरले नव्हते, कारण बिल्डरशी करार करताना फरश्यांचा उल्लेखच झाला नाही आणि जेसीबी ठरल्या तारखेला आला. जुनं घर पाडायला देताना करारात हे कलम घालावं: दर्शनी फरश्या, कोरीव दारं आणि चौकटी काढून घेण्याचा हक्क घरमालकाचा राहील, त्यासाठी ताबा देण्याआधी पंधरा दिवस मोकळे मिळतील, आणि त्या दिवसांत पाडकाम मागच्या बाजूनेच सुरू होईल.